गुठळ्या नाही झाल्या

ऐका, बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी मेहकरला लॅब चालवायचो. दिवस गेलेत का, ते लघवीच्या थेंबावरून सांगणारी तपासणी तेव्हा नवीनच आली होती. एक सासू सुनेला घेऊन आली. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी पाळणा हलला नव्हता.

काचेवर लघवीचा थेंब तपासणीच्या औषधात मिसळून मी म्हटलं, "गुठळ्या नाही झाल्या."

'नाही' एवढंच ऐकून सासूनं हंबरडाच फोडला. सून मटकन खाली बसली.

मी घाबरलो. "मावशी, रडता काऊन? ह्या तपासणीत उलटं असतं. गुठळ्या नाहीत, म्हणजेच दिवस गेले!"

"खरंच का जी?" सासूनं विचारलं.

"खरंच."

आता सुनेचे डोळे भरले. सासू पदरानं नाक पुसत तिच्यावर खेकसली, "तू नोको रडू आता! दोघीचंबी मीच रडून घेतलं!"