आत एकट्यानेच या

बिश्केकच्या इस्पितळात, एमआरआयच्या दाराबाहेर, माझ्या शेजारी मायलेक बसले होते. आजारी आईच्या यकृतावर डॉक्टरांचं संशोधन चाललं होतं. मापं ताडून बघायला घरचं एक धडधाकट माणूस हवं, म्हणून मुलालाही यंत्रात घातलं होतं.

"तेमिर, डॉक्टरीणबाईंनी तुला एकट्याला आत बोलावलं, की मी काय ते समजेन."

"झालं तुझं सुरू!"

"इथे आजाऱ्याला कोण सांगतं रे? तुझ्या बापाच्या वेळी मलाच आत घेतलं होतं. बाहेर येऊन म्हटलं, काही नाही, फोटो हलला. बिचाऱ्याला खरं वाटलं."

"तुला काही होत नाही. मला शिव्या घालायला जोर आहे अजून."

"बायको आण मेल्या, म्हणजे तिला घालीन. घे, हे तळलेले बोरसोक खा. तपासणीपायी सकाळपासून उपाशी आहेस."

"निकाल कळू दे, मग दोघं मिळून खाऊ."

दार उघडून डॉक्टरीणबाई डोकावल्या.

"सायराकान मावशी, जरा आत येता? नाही, नाही, तुम्ही बसा. मावशी एकट्याच."

"बघ आई! मला नाही बोलावलं. उगाच जीव खाल्लास माझा सकाळपासून!"

ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. फोटो हलला म्हणे."

"कुणाचा?"

तिने बोरसोकची पुरचुंडी सोडून त्याच्या मांडीवर ठेवली.

"खा, बाळा. तू खा आधी."