रायफलीतला हिन्याचा फाया

नाव : रेखा मुरलीधर खानविलकर
वय : ६४ वर्षे
व्यवसाय : निवृत्त शिक्षिका (इतिहास)
राहणार : हॅरो, लंडन
जबाब घेणारे अधिकारी : डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होल्ट
मराठीत लिहून घेणाऱ्या दुभाषी : तनया

मी आज सोमवारी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते, की मला कोणी बोलावलेले नाही. या देशात मी तीस वर्षे इंग्रजीतून शिकवले आहे, मला दुभाष्याची गरज नाही. तरीही हा जबाब मराठीत घ्यावा असा आग्रह मी धरला. शपथ माझ्यासमोर मराठीत घेतली गेली होती. ती मोडल्याचेही मला मराठीतच सांगायचे आहे.

माझ्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन जुन्या अमेरिकन रायफली आहेत. अमेरिकेत गोऱ्या वसाहतींची सरहद्द पश्चिमेकडे सरकत होती, त्या काळातल्या. चापाखालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की नवे काडतूस नळीत चढते, अशी त्यांची रचना आहे. तिन्ही मी आणि माझे पती मुरलीधर यांनी लिलावातून घेतल्या. त्यांच्या मापाची काडतुसे आता कुठलाही कारखाना करत नाही, म्हणून शोभेची वस्तू या नात्याने त्या विनापरवाना ठेवता येतात. मात्र रायफल डागली किंवा डागण्यासाठी काडतूस जवळ बाळगले, तर ही सवलत राहत नाही. हा कायदा मला पाठ आहे. माझ्या पतींनाही पाठ होता.

पहिली रायफल घरात आली त्या दिवशी मी एक अट घातली होती. घरात काडतूस येणार नाही आणि यांतली एकही रायफल पुन्हा कधी डागली जाणार नाही. बेलभंडार उचलायचा म्हटले तर हॅरोत बेलाचे पान मिळेना. म्हणून माझ्या पतींनी नुसता हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन शपथ घेतली. त्यांचे मित्र कमलाकर सबनीस तेव्हा हजर होते. त्यांनीही हात पुढे केला. "मलाही द्या वहिनी, नाहीतर उद्या म्हणाल, कमलाकर सुटला," असे ते म्हणाले. मी त्यांच्याही हातावर हळद घातली.

कमलाकर सबनीस हे लंडनबाहेर रीडिंग या गावी राहतात. ते आणि माझे पती पुण्याला एकत्र शिकले. मी त्यांना भाऊजी म्हणते.

दर वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात शस्त्रपूजा होते आणि त्यानंतर माझे भाषण असते. या रायफलींनी कोणाच्या जमिनी लुटल्या आणि ज्यांच्या लुटल्या त्यांनीही त्याच रायफली उचलून कसा प्रतिकार केला, हे मी लोकांना सांगते. हत्याराची पूजा त्याला पुन्हा रक्ताची चटक लावण्यासाठी करायची नसते. ते आता मुके झाले म्हणून करायची असते. ज्या देशाने अर्ध्या जगावर बंदुकीच्या जोरावर राज्य केले, त्या देशात बसून हे सांगायची जबाबदारी आपल्यावर...

येथे होल्ट यांनी मला थांबवले. भाषण नको, घटना सांगा, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे योग्य आहे.

भाषणाच्या शेवटी मी एक गोष्ट नेहमी करते. प्रत्येक नळीत वर्षभर हिन्याच्या अत्तराचा फाया ठेवलेला असतो. तो मी सर्वांसमोर सळईने बाहेर काढते आणि सभागृहात फिरवायला देते. "वास घ्या," मी म्हणते, "दारूचा येतो का बघा. गोळी सुटली असती तर हा फाया टिकला असता का?" लोक वास घेतात. मग मी नवा फाया घालते. वर्षभरानंतरही वास इतका ताजा कसा, याचे लोकांना आश्चर्य वाटे. हिना हे जड अत्तर आहे आणि नळीत वारा लागत नाही, असे मी त्यांना सांगत असे. हे मी अठरा वर्षे सांगत आले. टाळ्यांची सुरुवात मागच्या रांगेतून होत असे. पहिली टाळी माझ्या पतींची असे.

माझे पती या वर्षी एप्रिलमध्ये आजारपणात वारले.

दर उन्हाळ्यात रायफली तेलपाण्यासाठी रीडिंगला कमलाकर यांच्या गॅरेजमध्ये जात. आधी माझे पती त्या घेऊन जात आणि शनिवार-रविवार तिथेच राहत. या वर्षी कमलाकर स्वतः येऊन घेऊन गेले. "मुरली नाही म्हणून रायफलींची आबाळ नको, वहिनी," असे म्हणाले. मला बरे वाटले. मी त्यांना डब्यात पुरणपोळ्या दिल्या.

परवा शनिवारी कार्यक्रम झाला. पहिल्या दोन रायफलींचे फाये बरोबर होते. तिसऱ्या, सर्वांत लांब नळीच्या रायफलीतून मी फाया काढला आणि नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत दिला. तिथे मंडळाची सेक्रेटरी पूर्वी बसली होती. तिचा जन्म हॅरोचाच आहे. तिने वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "रेखामावशी, हे वेगळी वास आहे. हा तर मोगरा आहे! बंदुकमध्ये गजरा ठेवला का तुम्ही?" सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "ताईंचं भाषण तेच, अत्तर फक्त नवीन!" पुन्हा हसले.

मी फाया परत घेतला आणि वास घेतला. मोगराच होता. मी आयुष्यात कधी मोगऱ्याचे अत्तर घरात आणलेले नाही, मला त्याने डोके दुखते. भाषणाचे शेवटचे वाक्य माझे राहिले होते. ते मी म्हटले नाही. कमलाकर मागच्या रांगेत होते. मी पाहिले तेव्हा ते खुर्चीखाली काहीतरी शोधत होते.

काल रविवारी मी ट्रेनने रीडिंगला गेले. कमलाकर यांनी दार उघडले. आमच्यात जे बोलणे झाले ते आठवते तसे सांगते.

"अहो वहिनी! एका कापसाच्या बोळ्यासाठी एवढ्या लांब? फोन करायचा की. चहा टाकतो."

"चहा नको. फाया कोणी बदलला?"

"पडला असेल तेलपाणी करताना. मी दुसरा घातला. इंडियन दुकानात जे अत्तर मिळालं ते लावलं. त्यात काय एवढं?"

"नळीत घट्ट बसवलेला फाया आपोआप पडत नाही, भाऊजी. माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "वर्षातून एकदा, वहिनी. कार्डिफच्या पुढे एका ओळखीच्या माणसाचं शेत आहे. तीन-चार गोळ्या, मातीच्या ढिगाऱ्यात. काडतुसं मी इथंच हातानं भरतो. कोणाला लागलं? एका मेंढीलाही नाही. बंदूक आहे ती, देव नाही. एकदा तिचा आवाज ऐकावासा वाटतो माणसाला."

मी विचारले, "वर्षातून एकदा म्हणजे? या वर्षी एकदा, की दर वर्षी?"

ते चहाचे कप परत फळीवर ठेवू लागले. मी पुन्हा विचारले.

"या वर्षी एकटा गेलो," ते म्हणाले. "मुरली असता तर हा घोटाळा झाला नसता. फाया तोच घालायचा. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. म्हणायचा, कमल्या, तुला नाक नाही. आणि रेखाला आहे."

मी खाली बसले. खुर्ची त्यांनी दिली की मी ओढून घेतली, हे मला आठवत नाही.

मी विचारले, "आणि मी स्टेजवर फाया फिरवायची, तेव्हा तुम्ही दोघं मागे बसून हसायचात?"

"नाही वहिनी. हसलो असतो तर बरं झालं असतं. मुरली मनापासून टाळ्या वाजवायचा. म्हणायचा, बघ, काय बोलते माझी बायको."

नंतर कमलाकर यांनी पोलिसांकडे जाऊ नका अशी विनंती केली. आपल्याला या वयात तुरुंग होईल, असे म्हणाले. तिन्ही रायफली जातील आणि मुरलीच्या नावाची मंडळात चर्चा होईल, असेही म्हणाले. मी पर्स उचलली. तेव्हा ते म्हणाले, "मी खांदा दिलाय तुमच्या नवऱ्याला."

मी म्हटले, "दिलात. आणि त्याच खांद्यावरून गोळीही झाडलीत."

गॅरेज त्यांनी मला दाखवले नाही, मीही पाहायला मागितले नाही. काडतुसे तिथे आहेत असे त्यांनीच सांगितले आहे, मी ती पाहिलेली नाहीत. शेत कोणाचे हे मला माहीत नाही. इतर दोन रायफली डागल्या होत्या का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

होल्ट यांनी मला सांगितले, की मृत व्यक्तीवर कारवाई होत नाही. तपास कमलाकर यांच्याबद्दल आहे, त्यामुळे पतींविषयीचा भाग जबाबात नसला तरी चालेल. मी सांगितले, की तो भाग लिहा. अठरा वर्षे मी भरलेल्या सभागृहाला खोटे सांगत होते आणि ते खरे आहे अशी माझी समजूत राहावी, याची काळजी माझ्या पतींनी घेतली. येत्या शनिवारी मंडळाची सभा आहे. तिथेही मी हेच सांगणार आहे. ज्यांनी ज्यांनी तो फाया हुंगला त्या सर्वांना ते कळले पाहिजे. हे भाषण नाही. हे लिहून घ्यावे.

सोबत आणलेल्या वस्तू मी जमा करत आहे. तीन रायफली, रीतसर गुंडाळलेल्या. मोगऱ्याचा फाया, सँडविचच्या पिशवीत. आणि हिन्याच्या अत्तराची एक बाटली, सील न फोडलेली.

बाटलीबद्दल विचारल्यावरून सांगते, की ती माझ्या पतींनी मार्चमध्ये पुण्याहून मागवून घेतली. तेव्हा त्यांना उशीला टेकूनही बसवत नव्हते. "उन्हाळा जवळ आला, रेखा, आधीची संपलीय," असे म्हणाले. ते दसऱ्यापर्यंतचा विचार करत आहेत, असे मला वाटले. अत्तर उन्हाळ्यात कशाला लागते, हे मी विचारले नाही. मी त्याच दिवशी माझ्या बहिणीला फोन करून बाटली पाठवायला सांगितली. ती आली तेव्हा त्यांनी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाले, "तू आहेस म्हणून सगळं होतं." गेले सहा महिने मी ती देवघरात ठेवली होती.

तपासानंतर कोणत्या वस्तू परत हव्यात असे मला विचारण्यात आले. रायफली कायद्याने परत मिळत असतील तर त्या एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात, नळ्या कायमच्या बंद करून. बाटली परत नको.

हा जबाब तनया यांनी मला पहिल्या ओळीपासून मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्या एका ठिकाणी थांबल्या. मी त्यांना पुढे वाचायला सांगितले. मी बोलले तेच यात आहे, ते खरे आहे, आणि यात जाणूनबुजून खोटे काही असेल तर शिक्षेला मी पात्र राहीन हे मला समजले आहे. खोडाखोड नाही.

सही/-
रेखा मुरलीधर खानविलकर