पंख्याची साक्ष

‘न्हाय’ मी बोललोच न्हाय, पास्टर, मी ‘बघू’ बोललो. वैशालीनं तुम्हाला ‘न्हाय’ सांगितलं असंल तर ते तिचं — पोरगी आईवर गेलीय, ‘बघू’ म्हटलं तरी अर्धा तास डोळे पुसणार. बसा की. त्या बाकड्यावर नको, त्याचा एक पाय विटेवर हाय, इथं पायरीवर बसा माझ्या बाजूला. दोन कटिंग सांगितल्यात. घरी गेलता ना दिघाशीला? मंग तिनंच सांगितलं असंल, बाबा भिवंडीत अय्यूबभाईच्या शेडवर गेलाय म्हणून. टायमात आलात पण — आज जुम्मा हाय, मालक-कारागीर सगळे नमाजला गेलेत, म्हणून ह्या गल्लीत माणसाला माणसाचं ऐकू येतंय. दोनला हे कापडाचे लूम चालू झाले की तुम्ही माझ्या कानात बोंबललात तरी मला कळायचं न्हाय.

तर रविवारचं. नातीचं समर्पण, बाळ प्रभूला वाहायचं. आता आपल्या मंडळीची रीत तुम्हाला ठाऊक न्हाय, तुम्ही नोव्हेंबरात आलात — बाळ आधी आजोबाच्या हातात, आजोबा मोठ्यानं प्रार्थना करणार, मंग पास्टर. मागं एका आजोबाची प्रार्थना एवढी लांबली की बाळानं त्याचा शर्ट भिजवला, तरी गडी आमेन म्हणंना. मला येत न्हाय असं न्हाय. पाठ केलेलं बोलंन ना दहा मिनिटं, बायका नाक ओढतील, तुम्ही पण म्हणाल नवशाकाकानं छान केलं. पण आठ महिने झाले, पास्टर, मी बोलतो आणि पलीकडं कोण न्हाय. रिंग जाते, कोण उचलत न्हाय — तसं. आणि असलं रिकामं बोलणं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं? दोन महिन्यांची हाय ती. आजोबानं दिलेली पहिलीच गोष्ट खोटी? ते मला जमणार न्हाय, म्हणून ‘बघू’.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं बरं का मी. उपास केला — ॲसिडिटी झाली. पहाटे चारला उठलो, गुडघ्यावर बसलो आणि तसाच झोपलो, वैशालीला वाटलं बापाला चक्कर आली, तिनं पाणी मारलं तोंडावर. स्तोत्रं वाचली — एकच स्तोत्र तीनदा वाचलं तेव्हा कळलं की पान उलटलंच न्हाय. मंग मला वाटलं, हे त्या गोडाऊनमुळं. गेलात कधी कशेळीला, माझ्या गोडाऊनवर? आत दोन गावं बसतील एवढं मोठं, आणि शांत. खोके येतात, स्टिकर मारायचा, खोके जातात. वर कॅमेरा. जरा ओठ हलवले तर सुपरवायझर विचारतो, काका, कोणाशी बोलताय? शेवटी म्हटलं रस्त्यावर जाऊन बघू, ट्रेलरच्या आवाजात तरी बोलता येईल. उभा राहिलो कडेला, डोळे मिटले — तर एका भल्या माणसाला वाटलं म्हाताऱ्याला रस्ता क्रॉस करायचाय. हात धरून पलीकडं सोडलं त्यानं मला. परत अलीकडं यायला मला अर्धा तास लागला.

हसू नका. आवाजात कशाला, विचारताय ना? सवय हो. ह्या शेडमध्ये बारा वर्षं काढली मी, सहा लूम एकट्याकडं, खटाखट खटाखट — आणि त्यात मी. तुम्ही लोक गुडघ्यावर प्रार्थना करता, मी उभ्यानं केली, धोट्यातली सुताची कांडी बदलता बदलता, आणि तीही बोंबलून. मंडळीत मला चार लोकांसमोर बोलायची लाज. मी मुळातला मंडळीतला न्हाय — नावच बघा ना, नवशा, आईनं देवीला नवस बोलून मागितलेला — लग्न झालं आणि गुणाबाईच्या मागं मागं प्रभूकडं आलो. पण इथं लाज कसली? कोणाला ऐकू जातंय? जे मनात येईल ते. आभार, मागणं, साडूच्या तक्रारी, सगळं. भांडायचो पण त्याच्याशी, अगदी गुणाबाईशी भांडावं तसा. ती म्हणायची, तुम्ही भांडता तोवर मला घोर न्हाय, तुम्ही गप बसलात की भीती वाटते.

आणि उत्तरं मिळायची, पास्टर. पंख्याची साक्ष ऐकलीय ना तुम्ही? सगळ्या मंडळीला पाठ हाय, अंबाडीच्या बाजारात एका बाईनं मलाच सांगितली, एक भाऊ व्हता म्हणे लूमवर. तर तो भाऊ मी. मे महिना, वर पत्रा, आणि अय्यूबभाई दारात स्टुलावर, टेबलफॅन एकट्याच्या तोंडाकडं लावून. मी ओरडलो, प्रभू, ह्या अय्यूबच्या डोक्यात काहीतरी घाल, स्वतः वारा खातोय आणि आम्ही इथं उकडतोय. तिसऱ्या दिवशी वायरमन आला. दोन पंखे, बरोब्बर माझ्या लूमच्या वर. रविवारी मंडळीत उभं राहून साक्ष दिली, प्रभूनं ऐकलं म्हणून, मंडळी हालेलुया हालेलुया. मंग वैशालीच्या बारावीला रात्रपाळी सुटून दिवसपाळी मिळाली, मालकाकडं चकार शब्द न काढता. त्याची पण साक्ष दिली.

तर ह्या मंगळवारी मी इथं आलो. अय्यूबभाईला बोललो, अर्धा तास मला लूममध्ये नुसतं उभं राहू दे, काम फुकट करतो. का म्हणून विचारलं न्हाय त्यानं. माझ्याकडं बघून हसला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले — पंखा.

कळलं का तुम्हाला? मला कळायला एक मिनिट गेलं. अहो, लूमवाला माणूस कानानं ऐकतच न्हाय, तो ओठ वाचतो. मी स्वतः बारा वर्षं वाचले — कांडी संपली, चहा आला, तुझ्या घरून फोन — पार त्या टोकाच्या माणसाचे वाचले, आणि माझे कोण वाचत असंल हे एकदा डोक्यात आलं न्हाय. असा येडा. अय्यूबभाई भिवंडीत जन्मलेला, मराठी त्याची माझ्यापेक्षा साफ. म्हंजे सगळ्या शेडला माझ्या प्रार्थना ठाऊक. बाजूच्या लूमवर मुबश्शिर असतो, त्यानं मंगळवारीच माझ्या साडूच्या पोटाचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. मी भडकलो. म्हटलं, मंग पंखा तू लावलास, दिवसपाळी तू दिलीस, आणि मी मंडळीसमोर साक्ष देत बसलो ती कोणाची? मी म्हटलं, आणि शेवटच्या दिवशी काय बोललो, ते पण वाचलंस?

काय? हां — लूम भंगारात गेले असं मी मंडळीत सांगितलं व्हतं. बघताय ना मागं वळून, सहाच्या सहा हायत जागेवर. कोणी काढलं न्हाय मला. मीच सोडलं. आता चहा घ्या, थंड होतोय.

सांगतो. तुम्ही गुणाबाईला बघितलं न्हाय, तुम्ही यायच्या चार महिने आधी गेली ती. अकरा दिवस हॉस्पिटलात. आणि मी ड्युटीवर. लोक बोलले, बायको तिथं पडलीय आणि हा लूम चालवतोय. अहो, मी काय कापडासाठी येत व्हतो? मला त्याच्याशी बोलायला दुसरी जागाच ठाऊक न्हाय. वैशाली तिच्याजवळ बसायची आणि मी इथं बोंबलायचो, अकरा दिवस, घसा बसला. बाराव्या दिवशी गेली. माती झाली, चार दिवसांनी शिफ्टला आलो, लूम चालू केला आणि त्याला सांगितलं — आता मी तुझ्याशी बोलणार न्हाय. इथं उभा राहिलो तर तोंडातनं निघंल, सवयच हाय, म्हणून इथनं पण जातो. आणि गेलो. कशेळीला सगळ्यात शांत गोडाऊन शोधलं. आणि आता तुमच्यासमोर रडतोय, प्रभू उचलत न्हाय, प्रभू उचलत न्हाय — अहो, फोन मीच आपटलेला. आठ महिने मी हे कोणाला सांगितलं न्हाय, वैशालीला पण न्हाय. आत्ता पण सांगायचं नव्हतं.

अय्यूबभाईनं ते सगळं बघितलं व्हतं. मंगळवारी त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि हिंदीत बोलला, “पंखा मेरे हाथ में था, नवशा। ड्युटी भी मेरे हाथ में थी। भाभी मेरे हाथ में नहीं थी। वो ग्यारह दिन मैंने भी माँगा।”

मी उठलो आणि चहा तसाच टाकून गाडी पकडली. तीन दिवस तेच डोक्यात. मला वाटत व्हतं मी एकटा बोंबलतोय, माझं ऐकायला वर कोण न्हाय आणि खाली पण कोण न्हाय. आणि तिथं स्टुलावर बसून एक माणूस माझे ओठ बघून तेच मागत व्हता, तिच्यासाठी, नावानिशी. तरी ती गेली. ते दुखतंच, पास्टर, त्याच्यावर तुम्ही काय बोलू नका. पण पंख्याची साक्ष मी मागे घेत न्हाय. ओठ वाचून मजुराच्या डोक्यावर पंखा लावणारा दुसरा मालक दाखवा मला भिवंडीत. हा पण तसला नव्हता हो, एक बल्ब बदलायला महिना लावायचा. तिसऱ्या दिवशी दोन पंखे? मी ओळखतो त्याला. कोणीतरी त्याच्या मागं लागलं असणार.

म्हणून आज हाफ डे टाकून आलोय. ते बघा, आले, टोप्या दिसायला लागल्या गल्लीच्या तोंडाशी. कोपऱ्यातला लूम त्यानं सकाळीच माझ्यासाठी मोकळा ठेवलाय. वर म्हणतो, अर्धा तास मी स्टूल भिंतीकडं फिरवून बसतो, तू बोल. मी म्हटलं, नको, बस तसाच, बघत. दोघं असलेले बरे.

लगेच प्रार्थना न्हाय हां, आधी भांडण. आठ महिन्यांचं साठलंय, गुणाबाईचं सगळं बाकी हाय, ते झाल्याशिवाय पुढचं काय निघायचं न्हाय. रविवारचं वैशालीला काय सांगू म्हणता? सांगा, बाबा भांडायला गेलाय. एवढंच सांगा. आईची पोरगी हाय, तिला बरोब्बर कळंल. ग्लास तिथंच ठेवा, चहावाला पोऱ्या नेईल — न्हाय, तो आज न्हाय, मी देतो नेऊन. चला, झाला बघा पहिला लूम चालू. काय? ऐकू येत न्हाय, पास्टर. मोठ्यानं नको, मोठ्यानं बोलून उपयोग न्हाय, इकडं तोंड करा आणि ओठ नीट हलवा. परत एकदा. हां. आमेन. जावा आता.