नातीची बाळगुटी

सांगलीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन विहिणी बसल्या होत्या. पहाटेच नात झाली होती. मुलीची आई आटपाडीची, मुलाची आई मेढ्याची. दोघींच्याही मांडीवर बाळगुटीच्या पुरचुंड्या. आटपाडीच्या बाईंनी आपली आधी सोडली.

"ही आमच्या माळावरची मुरडशेंग, विहीणबाई. उगाळून चाटवली की पोरीच्या पोटात कळ म्हणून यायची न्हाई."

"आन् ह्यो आमच्या डोंगरातला हिरडा. ह्याच्या म्होरं तुमची शेंग काय करतीया?"

"आवं, ह्याच शेंगंवर माझी क्रांती वाढली."

"माझा वीरधवल हिरड्यावर वाढला. फौजेत हाय आता."

"बरं, दोनी उगाळू. सहाण आणलीया मी."

"उगाळताय कुठलं? तुमच्या लेकीनं मगाशीच बजावलंय मला. सहा म्हैने आईच्या दुधाबिगर बाळाला थेंब द्यायचा न्हाई."

"क्रांती म्हणली असं?"

"व्हय. एवढी मोठी डॉक्टरीण ती, तिच्या म्होरं आमी काय बोलायचं?"

"डॉक्टरीण! आवं, रोज सकाळी मांडीवर घेऊन ह्याच सहाणंवर उगाळून पाजलंय मी तिला."

"मंग विहीणबाई, तुमची शेंग लय लागू पडली म्हणायची!"