आठनंतर बोलायला कोण

कार्टूनवरून तुम्ही माझी चेष्टा करता ना, मग त्याचा शेवटही ऐका. बंगलोरहून शिकून आले, राजूरला खोली घेतली आणि आधी काय केलं, तर घरमालकीण शबानाभाभींच्या चार वर्षांच्या झोयाचा टीव्ही सुधारायला गेले. त्यावर सतत कार्टूनची आदळआपट आणि किंचाळणं चालायचं. ते बंद करून मी एक शांत कार्यक्रम लावून दिला. त्यात एक बदक तळ्याकाठी हळूहळू फिरतं, बस.

झोया खरंच निवली. मी जाम खूश.

आठवड्याने भाभी रिमोट घेऊन माझ्या दारात.

"मॅडम, ते पहिलंवालंच लावून द्या." त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला.

"काहून भाभी? पोरगी त्रास देते?"

"त्रास कायचा? आठ वाजले का झोपून जाते."

"मग चांगलंच आहे की."

"तुमच्यासाठी आहे. झोयाचे अब्बा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येते. पोरगी झोपली का मी कोणाशी बोलू? बदकाशी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याही खोलीत सकाळपासून कोणी बोललं नव्हतं.

मी रिमोट परत त्यांच्या हातात दिला. "झोयाला झोपू द्या, भाभी. आठ वाजता चहा टाकत जा. दोघींचा."