मडक्यातला देवभात

दत्तात्रेय : थांबा आई, पुन्हा एकदा सांगा. मी खाल्ला?

विमलबाई : व्हय, जावईबापू. गेल्या ऋषीपंचमीला, ह्याच पाटावर बसून. आळवाच्या भाजीसंगं दोनदा मागून घेतलात.

सगुणा : आणि वर म्हणालात, तांदूळ जरा लालसर आहे, पण चव छान आहे.

दत्तात्रेय : सगुणा, तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

सगुणा : नवरा भातावर संशोधन करतो, मी काय त्याला ताटातल्या भाताची ओळख करून देऊ? म्हटलं, ओळखला असेल.

दत्तात्रेय : अगं, दिवाळीपासून त्याच रानभातासाठी वणवण करतोय मी. गडबला गेलो, जोह्याला गेलो, खाडीकाठची डबकी पालथी घातली. पेणला केंद्रात साहेब येता-जाता विचारतात, मिळाला का बी?

विमलबाई : तुम्ही विचारलंत कोणाला?

दत्तात्रेय : शेतकऱ्यांना.

विमलबाई : म्हंजे बाप्यांना. त्यांना तो गवत वाटतो, शेतात दिसला की उपटून बांधावर टाकतात. पंचमीसाठी तो गोळा करायचा आम्ही बायकांनी. आणि रानभात कशाला म्हणता? देवभात हाय तो.

सगुणा : सासुरवाडी तेवढी सोडून सगळा मुलूख हिंडले हे.

दत्तात्रेय : हस, हस. आई, थोडा तरी शिल्लक आहे का?

विमलबाई : हाय. आत शिंकाळ्यातल्या मडक्यात.

सगुणा : बघ आई, डोळे कसे चमकले. लग्नात मला बघून एवढे चमकले नव्हते.

दत्तात्रेय : तुम्ही मघाशी विचारत होतात ना, धोंड्याच्या महिन्याचं वाण म्हणून जावयाला काय देऊ? चांदीचं निरांजन राहू द्या. मला तो भात द्या.

विमलबाई : निरांजन न्या की. तो भात पंचमीचा हाय. अधिक सरला, गणपती बसले, की दुसऱ्या दिवशी पंचमी.

दत्तात्रेय : त्या दिवशी दुसरा कुठलाच तांदूळ चालत नाही?

विमलबाई : बैलाच्या कष्टाचं काय पण चालत नाय. नांगरलेल्या जमिनीतला दाणा तोंडात घालायचा नाय. परसातलं आळू, कंद, आणि तळ्यात आपल्याआप उगवलेला देवभात. वर्सभर त्या मुक्या जनावराच्या जिवावर खायचं, एक दिवस तरी त्याला ताप नको.

दत्तात्रेय : मग येत्या दिवाळीला तळ्यातला पिकला, की त्यातला मला...

विमलबाई : तळं कुठाय आता? चैतात हैबतराव भावजींनी बुजवलं. रोह्याच्या पुढं रेल्वेचं काम निघालंय, विटांना भाव आलाय. तिथं भट्टी लागणार. मी सांगून बघितलं. म्हणाले, वयनी, त्या डबक्यात डासांबिगर होतं काय?

दत्तात्रेय : म्हणजे आता मडक्यात आहे तेवढाच.

विमलबाई : तेवढाच.

सगुणा : अहो, आईला सांगा तरी, तुम्हाला तो कशाला हवाय.

दत्तात्रेय : खाडीचं उधाण शेतात शिरलं आणि पाणी आठवडाभर उभं राहिलं, की आपला भात कुजतो. हा पाण्यातच जन्म काढतो. त्याचा तो चिवटपणा आपल्या भातात उतरवता येतो का, ते बघायचंय. म्हणून दोघांचा संकर करायचा.

विमलबाई : म्हंजे सोयरीक. मुलगा कोण बघितलाय?

दत्तात्रेय : राता. खारजमिनीतला लाल भात.

विमलबाई : घराणं बरं हाय. रंगानं डावा, पण कष्टाळू. आणि मुलीकडून कोण बोलणार?

सगुणा : मुहूर्त सकाळचा असतो, आई. हे चिमटा घेऊन एकेका फुलातले केसर काढत बसतात. घरी सुईत दोरा ओवायला सांगितला तर चष्मा सापडत नाही.

दत्तात्रेय : आणि एवढं करून नवी जात हाताला यायला आठ-दहा वर्षं जातात.

विमलबाई : आठ-दहा? तुमच्यापरीस माझी पंचमी बरी. वर्साला येते तरी.

दत्तात्रेय : खरंय. आई, लपवत नाही, मला तो भात फार हवाय. पण तुमचं व्रत मोडून नको. शेवटचा आहे, तुम्ही पंचमीला सुखानं खा. मी अजून हिंडतो.

सगुणा : आणखी कुठं हिंडणार? काल रात्री तर म्हणालात, आता जागा उरली नाही.

विमलबाई : तू जरा गप गो, सगुणा. जावईबापू, हिच्या वेळेला मी अंथरुणाला खिळले होते. सासूबाईंनी माझ्या नावानं पंचमी बोलली. मी उठले, आणि तवापासून ती कधी चुकू दिली नाय. यंदा हा भात खाल्ला, तर माझं व्रत साधंल. पण त्याच्या पुढं तो कोणाच्याच पानात पडणार नाय. ते कुठल्या ऋषीला सांगू?

सगुणा : आई...

विमलबाई : रडायचं काय त्यात? भात हाय, माणूस नाय. पेरणार कुठं तुम्ही?

दत्तात्रेय : केंद्रात. वाफ्यात पाणी तुंबवून.

विमलबाई : आणि नांगर?

दत्तात्रेय : बैल नाहीत, आई. पॉवर टिलर आहे.

विमलबाई : त्याला कोण हाकतं?

सगुणा : गोविंदा. त्याच्या कष्टाचं पातक लागायचं नाही. कष्ट दिसले की तो रजा टाकतो.

विमलबाई : नको. एक वाफा कुदळीनं खणायचा. जावईबापूंनी, आपल्या हातानं. त्यात पिकंल तो माझ्या पंचमीचा. बाकीच्यांची लग्नं लावा नायतर बारशी करा.

दत्तात्रेय : मी कुदळ शेवटची धरली ती झाड लावतानाच्या फोटोसाठी.

सगुणा : मी डबा घेऊन येईन. बांधावर बसून बघेन.

दत्तात्रेय : खणीन, आई. शब्द देतो.

(विमलबाई आत जाऊन मडकं उतरवतात आणि पदराखाली ताम्हन घेऊन बाहेर येतात.)

विमलबाई : धरा. वर सुपारी ठेवलीय. वाण म्हणून दिलंय, परत करायचं नाय.

दत्तात्रेय : आई, पण हिशेब चुकतोय. मी पेरणार पुढच्या पावसात, तो पिकणार त्या दिवाळीला. म्हणजे ही पंचमी गेलीच, पुढचीही गेली.

विमलबाई : मला मोजता येतं. दोन पंचम्या कंद उकडीन. ऋषी काय रोज भातच खात होते?

सगुणा : हिला रात्री भात नसला तर झोप लागत नाही.

विमलबाई : नाय लागली तर देवाचं नाव घेत पडेन.

दत्तात्रेय : नाही, हे मला पटत नाही. निम्मा तरी तुम्हाला ठेवा.

विमलबाई : ठेवलाय की. सगळा तुमच्या हवाली करायला मी काय खुळी हाय?

दत्तात्रेय : मग झालं तर. तो ह्या पंचमीला खा.

विमलबाई : नाय. तुमचा वाफा पिकंपर्यंत त्यातला एक दाणा मी तोंडात घालणार नाय. तुमचा उगवला नाय, तर लाजून घरी बसू नका. परत न्यायला या.