एका दमात

(अल्जीयर्सजवळच्या ब्लिदा गावाहून डोंगरावरच्या श्रेआकडे चढणारा घाटरस्ता. शुक्रवारची सकाळ. दोन सायकली शेजारी शेजारी.)

बूआलेम: हा पट्टा छातीला काचतोय. काढून टाकू का?

फोदिल: राहू दे. तुझ्या काळजाचे ठोके इथं माझ्या हँडलवर दिसतायत. एकशे अठ्ठेचाळीस. अजून हळू कर.

बूआलेम: अजून हळू? मग उतरून ढकलतच नेतो ना. मघाशी एक म्हातारा गाढव घेऊन आपल्या पुढे गेला, पाहिलंस?

फोदिल: ते गाढव रोज चढतं हा घाट. तू शुक्रवारचा पाहुणा.

बूआलेम: वीस वर्षं चढतोय मी इथं. फरश्यांचं दुकान काढायच्या आधीपासून.

फोदिल: आणि वीस वर्षं दर वेळी जीव खाऊन चढतोस, म्हणून आहेस तिथंच आहेस. नुसता घाम गाळून वेग वाढत नाही. बहुतेक दिवस बोलता येईल इतपतच चालवायची. मग एखाद्या दिवशी खरा जोर लावला की पाय ऐकतात. बरं, एका दमात सांग, काल रात्री काय जेवलास?

बूआलेम: रेश्ता.

फोदिल: आणि?

बूआलेम: कोंबडी... सलगम... तुझं डोकं.

फोदिल: बघ, तुटलं वाक्य. वाक्य तुटलं की समजायचं, जोर जास्त झाला. हीच सगळ्यात सोपी खूण. पट्टा नसला तरी चालतं.

बूआलेम: शाळेतून निवृत्त झालास, पण हातातला खडू काही सुटत नाही तुझ्या. हेच शिकवलंस ना नाझिमला?

फोदिल: त्यानं विचारलं, मी सांगितलं.

बूआलेम: तुला विचारलं. बाप ढळढळीत समोर असताना.

फोदिल: तू आज मला विचारतोयस. पोरगा खाली झऱ्यावर बाटल्या भरतोय तेवढ्यात, चोरून.

बूआलेम: मग काय त्याला विचारू? गेल्या शुक्रवारी शेवटच्या वळणावर माझ्या शेजारून निघून गेला. धाप नाही, काही नाही. देवदारांत दिसेनासा झाला. मी वर पोचलो तर टपरीवर महाजेबच्या भरल्या पोळ्या खात बसला होता तुझ्याबरोबर. हसत होतात दोघं.

फोदिल: पोरगा पुढे गेला की बापाला आनंद होतो म्हणतात.

बूआलेम: झाला असता, मी शिकवून पुढे गेला असता तर. सायकलवर बसवलं कुणी त्याला? गुडघा फुटला तेव्हा खांद्यावर टाकून घरी आणला कुणी? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

फोदिल: कुत्रा म्हणालास ते सोडून देतो. आंधळा म्हणालास ते मात्र बरोबर आहे.

बूआलेम: म्हणजे?

फोदिल: आधी तुझं होऊ दे. पोटात आहे ते काढ.

बूआलेम: हेवा वाटतो मला तुझा. घे, सांगितलं. मंगळवारी तुम्ही दोघं संत्र्यांच्या बागांकडे जाता, माझ्या दुकानावरून. मी आत गिऱ्हाइकाला फरशी दाखवत असतो आणि तो हातवारे करकरून तुला काहीतरी सांगत असतो. घरी माझ्या वाट्याला काय? हो बाबा, नाही बाबा. तुला मुलगा नाही म्हणून माझा घेतलास का रे?

फोदिल: माझ्या दोघी मुली परदेशात, लियोंला आहेत, बूआलेम. तुला माहीत आहे.

बूआलेम: चुकलो. जीभ घसरली.

फोदिल: एकशे पासष्ट. आणि रस्ता इथं जवळजवळ सपाट आहे.

बूआलेम: तुझा पट्टा खोटारडा आहे.

फोदिल: नाझिमचं नाव निघाल्यापासून आकडा चढतोय. त्यात पट्ट्याचा काय दोष?

बूआलेम: काय बोलतो तो तुझ्याशी?

फोदिल: ते मी सांगणार नाही.

बूआलेम: बाप आहे मी त्याचा.

फोदिल: म्हणून तर. त्यानंच सांगायला हवं ते. तीनदा सांगायला आला होता तुला. तिन्ही वेळा ह्याच घाटात, कारण तू एकटा सापडतोस तो इथंच. घरी पाहुणे, दुकानात गिऱ्हाइकं.

बूआलेम: कधी आला? मला नाही आठवत.

फोदिल: 'बाबा, जरा थांबा, तुमच्याशी एक बोलायचंय,' असं म्हणाला होता का?

बूआलेम: ते होय? ते दमला होता म्हणून. दमली की पोरं काहीतरी निमित्त काढतातच. मी म्हटलं, तोंड बंद, पाय चालव. आणि गेलो पुढे.

फोदिल: दमलेला माणूस अख्खं वाक्य बोलतो का रे?

(बूआलेमचे पाय पेडलवर थांबतात.)

फोदिल: थांबू नकोस. हळू कर, पण पाय चालू ठेव.

बूआलेम: गेल्या महिन्यात दोनदा अल्जीयर्सला गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. मित्राचं लग्न म्हणाला. एकाच मित्राचं दोनदा लग्न लागतं का? व्हिसासाठी वकिलातीत गेला असणार. गल्लीतल्या बाकीच्या पोरांसारखा कॅनडाला चाललाय ना?

फोदिल: मी काही बोललेलो नाही.

बूआलेम: नकोच बोलूस. तुझं गप्प बसणंच पुरेसं आहे. त्याच्या आईला माहीत आहे?

फोदिल: नाही. आधी तुला सांगायचंय त्याला.

बूआलेम: आधी मला? आधी तर तुला कळलं. तेच खुपतंय बघ. त्याचं जाणं नंतर खुपेल, रात्री वगैरे. आत्ता हेच खुपतंय.

फोदिल: खालच्या वळणावर दिसतोय बघ. बाटल्या भरून निघालाय.

बूआलेम: तू पुढे हो.

फोदिल: अरे, पण आकडे माझ्या हँडलवर...

बूआलेम: आकडे घेऊन जा तुझे. पुढे हो म्हटलं ना. आणि मागे वळून बघू नकोस.

फोदिल: बरं. वर महाजेब सांगून ठेवतो, तिघांचे.

बूआलेम: तुझा तू आधीच खाऊन घे. आज त्याच्याशेजारी मी बसणार.

(फोदिल पुढे निघून जातो. थोड्या वेळानं नाझिम मागून येऊन गाठतो.)

नाझिम: बाबा, काय झालं? चेन उतरली का?

बूआलेम: नाही.

नाझिम: मग इतकं हळू का? फोदिलकाका तर पार पुढे गेले. छातीत दुखतंय का तुमच्या?

बूआलेम: काही दुखत नाही. शेजारी ये. असा नाही, आतल्या अंगानं ये. दरीकडे मी राहतो.

नाझिम: अशानं वर पोचायला दुपार होईल. जुम्म्याची नमाज चुकेल.

बूआलेम: काल रात्री तुझ्या आईनं रेश्ता केली होती, कोंबडी घालून, तुला आवडतं म्हणून सलगम जरा जास्तच टाकून, आणि तू अर्धं ताट तसंच ठेवून उठलास.

नाझिम: ...बाबा?

बूआलेम: मला दम लागलेला नाही. तू सांग.